रेषांचा किमयागार

(नाटक संपले, की नटाचा अभिनय फक्त आठवणीत उरतो. ही आठवण काही मोजक्या रेषांत पकडून ठेवण्याचे काम एका चित्रकाराने पाऊणशे वर्षे केले. अमेरिकेतील नामवंत अर्कचित्रकार अल हर्शफेल्ड यांच्या जीवनाचा आणि कलेचा परिचय या पाठात करून दिला आहे. कोणालाही न दुखावता हसवता येते, हे त्यांच्या चित्रांतून दिसते.)

नाटक पाहायला कोणाला आवडत नाही? शाळेच्या स्नेहसंमेलनात आपलाच एखादा वर्गमित्र दाढीमिशा लावून बादशहा होतो, तेव्हा सारे सभागृह त्याच्याकडे टक लावून पाहत असते. त्याचे चालणे, त्याचा आवाज, मान वळवण्याची त्याची ऐट, सारे काही क्षणभर खरे वाटते. मग पडदा पडतो. दिवे लागतात. बादशहा नाहीसा होतो आणि आपला मित्र पुन्हा आपल्या शेजारी येऊन बसतो. पुस्तक पुन्हा वाचता येते, चित्र पुन्हा पाहता येते. पण नाटकाचा झालेला प्रयोग जसाच्या तसा पुन्हा कधीच होत नाही. छायाचित्र काढले, तरी त्यात एकच क्षण सापडतो. पूर्ण तीन तासांचा अभिनय एका कागदावर कसा आणायचा?

हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्यांचे नाव अल हर्शफेल्ड. ते अर्कचित्रे काढत. अर्क हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. अर्क-ए-गुलाब कसा तयार होतो, हे आठवा. टोपलीभर पाकळ्या उकळाव्या लागतात, तेव्हा कुठे बाटलीभर अर्क हाती येतो. पाकळ्या उरत नाहीत. सुगंध मात्र उरतो. अर्कचित्राचेही तसेच असते. माणसाच्या चेहऱ्यातील आणि हालचालीतील बारीकसारीक गोष्टी चित्रकार गाळून टाकतो. जेवढ्याने तो माणूस ओळखू येईल, तेवढेच ठेवतो.

अल हर्शफेल्ड यांचा जन्म २१ जून १९०३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस या शहरात झाला. घरची परिस्थिती साधारण होती. लहानपणापासून अलला चित्रे काढण्याचा नाद होता. त्याचा हात पाहून त्याच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याच्या आईला एक सल्ला दिला. या मुलाला शिकवण्यासारखे आता या शहरात फारसे काही उरलेले नाही, त्याला न्यूयॉर्कला न्यावे, असे त्यांनी सुचवले. आईने तो सल्ला मानला. केवळ एका मुलाच्या कलेसाठी सारे कुटुंब बिऱ्हाड हलवून न्यूयॉर्कला आले. अल तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता.

न्यूयॉर्कमध्ये त्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. लवकरच तो चित्रपट कंपन्यांच्या जाहिरात विभागात काम करू लागला. विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ उघडला आणि सेल्झनिक नावाच्या चित्रपट कंपनीची कामे घेतली. हाताखाली चित्रकार ठेवले. पण १९२३ साली ती कंपनी बुडाली. अलचे पैसे अडकले आणि त्याच्या चित्रकारांचे पगार थकले. कंपनीकडे बोट दाखवून त्याला मोकळे होता आले असते. त्याने तसे केले नाही. दुसऱ्या एका चित्रपट कंपनीत नोकरी धरली आणि प्रत्येकाचे पैसे फेडले. त्यानंतर मात्र हाताखाली माणसे ठेवून धंदा करण्याच्या फंदात तो पडला नाही. आयुष्यभर त्याने एकट्यानेच काम केले.

१९२४ साली एका नातेवाइकाने दिलेले ५०० डॉलर घेऊन हर्शफेल्ड पॅरिसला गेले. त्या काळी जगभरचे चित्रकार पॅरिसला जात असत. तेथे त्यांनी रंगचित्रे काढली, शिल्पे केली. त्यांच्या खोलीत गरम पाणी मिळत नसे. थंड पाण्याने दाढी करणे जिवावर येई, म्हणून त्यांनी दाढी वाढवली. ती दाढी पुढे मरेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर राहिली. आपण मोठे चित्रकार किंवा शिल्पकार होणार, असे त्यांना तेव्हा वाटत होते. नाटकांचा विचारही त्यांच्या मनात नव्हता.

पण १९२६ साली एक साधी गोष्ट घडली. ते न्यूयॉर्कला परतले होते आणि एके संध्याकाळी नाटक पाहायला गेले होते. रंगमंचावर साशा गित्री हा प्रसिद्ध फ्रेंच नट काम करत होता. हर्शफेल्ड यांच्या हातात नाटकाचे माहितीपत्रक होते. त्याच्या कोऱ्या जागेत त्यांनी सहज पेन्सिलीने त्या नटाचे चित्र काढले. सोबत नाटकांच्या जाहिरातीचे काम पाहणारा एक मित्र होता. त्याने ते चित्र पाहिले आणि स्वच्छ कागदावर पुन्हा काढून मागितले. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात ते चित्र 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून' या वृत्तपत्रात छापून आले. लगेच आणखी चित्रांची मागणी आली. १९२८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रानेही त्यांच्याकडून चित्र मागवले. या वृत्तपत्राशी जुळलेला त्यांचा संबंध पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला.

न्यूयॉर्कच्या ज्या भागात मोठमोठी नाट्यगृहे आहेत, तो भाग ब्रॉडवे या नावाने जगाला माहीत आहे. तेथे नवे नाटक येणार असले, की शुभारंभाच्या प्रयोगाआधीच्या रविवारी हर्शफेल्ड यांचे चित्र वृत्तपत्रात येई. म्हणजे नाटक लोकांनी पाहण्याआधी त्यांना ते पाहावे लागे. काही वेळा ते तालमीला जाऊन बसत. नवी नाटके आधी जवळपासच्या शहरांत करून पाहण्याची तिकडे पद्धत होती. अशा वेळी ते फिलाडेल्फिया, बोस्टन, न्यू हेवन अशा गावांचा प्रवास करत.

१९३२ साली हर्शफेल्ड इंडोनेशियातील बाली बेटावर राहिले. तेथे त्यांच्या कलेला खरे वळण लागले. बालीचे ऊन फार प्रखर. त्या उन्हात रंग फिके पडल्यासारखे दिसत. माणसे, झाडे, घरे यांच्या फक्त कडा आणि सावल्या उठून दिसत. त्या भागात चामड्याच्या सपाट बाहुल्यांचे सावल्यांचे खेळ होतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावीही अशा बाहुल्यांचा खेळ आहे. पडद्यावर नुसती काळी सावली दिसते, तरी राजा कोण, राक्षस कोण, हे प्रेक्षकांना झटकन कळते. जे काम एका रेषेने होते, त्यासाठी रंगांची गरज काय, असा विचार हर्शफेल्ड यांच्या मनात पक्का झाला. त्यांनी रंग मागे ठेवले आणि काळ्या रेषेला जवळ केले. याच बेटावर त्यांची भेट विख्यात विनोदी नट चार्ली चॅप्लिन यांच्याशी झाली. चॅप्लिन यांनी त्यांची काही चित्रे विकत घेतली. त्या पैशांतून त्यांच्या परतीच्या प्रवासाची सोय झाली.

त्या काळात हर्शफेल्ड राजकीय चित्रेही काढत. पुढाऱ्यांवर टीका करणारी त्यांची चित्रे एका डाव्या विचारांच्या नियतकालिकात छापून येत. पण त्यांचे एक टीकाचित्र छापायला त्याच नियतकालिकाने नकार दिला. एका गटाचे लोक दुखावतील, ही भीती त्यामागे होती. या प्रसंगानंतर त्यांनी राजकारणाची वाट सोडली. राजकीय व्यंगचित्रकाराला कोणाची ना कोणाची बाजू धरून दुसऱ्यावर वार करावा लागतो. आपला स्वभाव तसा नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांना माणसांची आणि नाटकाची आवड होती. म्हणून ते रंगभूमीकडेच वळले आणि तेथेच रमले.

अर्कचित्र म्हटले, की आपल्याला लांबलचक नाक, मोठे कान, सुटलेले पोट आठवते. वर्गातही एखादा मुलगा फळ्यावर कोणाचे तरी चित्र काढतो आणि त्याचे दात किंवा कान मोठे करतो. सगळे हसतात, ज्याचे चित्र असते, तो मात्र मान खाली घालतो. हर्शफेल्ड यांना ही रीत मान्य नव्हती. एखाद्याचे नाक मोठे काढणे यात काही चातुर्य आहे, असे त्यांना वाटत नसे. नाक माणसाने स्वतः निवडलेले नसते. त्याची चाल, त्याचे हातवारे, त्याने भूमिकेत ओतलेला जीव ही मात्र त्याची स्वतःची कमाई असते. हर्शफेल्ड ती कमाई रेखाटत. म्हणूनच त्यांनी आपले चित्र काढावे, अशी ब्रॉडवेवरील नट-नट्यांची इच्छा असे. त्यांच्या चित्रात जागा मिळाली, म्हणजे आपण रंगभूमीवर पोहोचलो, असे ते समजत.

ते चित्र कसे काढत, हे जाणून घेण्यासारखे आहे. नाट्यगृहात अंधार असतो. कागद दिसत नाही. शेजारच्या प्रेक्षकांना त्रास देऊनही चालत नाही. हर्शफेल्ड यांनी त्यावर उपाय शोधला. ते कोटाच्या खिशात कागदाचा तुकडा आणि पेन्सिलीचे थोटूक ठेवत. डोळे रंगमंचावर आणि हात खिशात! न पाहता रेषा ओढण्याचा त्यांनी इतका सराव केला, की हात आपोआप चाले. संपूर्ण चित्र ते तेथे काढत नसत. काही खुणा आणि काही शब्द टिपून ठेवत. एखाद्या नटाचे डोळे तव्यावरच्या अंड्यासारखे वाटले, तर तेवढेच लिहून ठेवत. ती टिपणे दुसऱ्या कोणाला कळली नसती. त्यांना मात्र सगळे नाटक त्यातून आठवे.

दुसऱ्या दिवशी घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचे खरे काम सुरू होई. तेथे ते न्हाव्याच्या दुकानात असते तशा खुर्चीत बसत. ती खाली-वर होई, मागे कलती होई, गोल फिरे. चित्रकाराला याहून सोयीची खुर्ची नाही, असे त्यांचे मत होते. आधी पेन्सिलीने ते चित्र आखत. मग शाई आणि बारीक निबाचा टाक घेऊन एकेक रेषा पक्की करत. बोरूने खुशखत लिहिताना काय होते, हे तुम्हांला माहीत आहे. हात किंचित कापला किंवा बोरू वाजवीपेक्षा जास्त दाबला गेला, की अक्षर बिघडते. हर्शफेल्ड यांची रेषाही तशीच होती. कुठे केसासारखी बारीक, कुठे ठळक. पण कुठेच अडखळलेली नाही. चित्र पूर्ण झाले, की त्यातून आणखी काय काढून टाकता येईल, याचा ते विचार करत. चित्र साधे करणे हे चित्र भरगच्च करण्यापेक्षा अवघड असते.

१९५६ साली 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या एका गरीब मुलीला भाषेचा एक प्राध्यापक शुद्ध बोलायला शिकवतो, अशी त्याची कथा आहे. ते जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरून लिहिलेले होते. याच 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत 'ती फुलराणी' हे नाटक लिहिले. 'माय फेअर लेडी'साठी हर्शफेल्ड यांनी काढलेले चित्र फार गाजले. त्यात फुलवाली मुलगी कळसूत्री बाहुलीसारखी आहे. तिच्या दोऱ्या प्राध्यापकाच्या हातात आहेत. पण प्राध्यापक स्वतःही बाहुलीच आहे! त्याच्या दोऱ्या वर ढगांत बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या शॉ यांच्या हातात आहेत. शॉ १९५० सालीच वारले होते. नाटककार गेला, तरी त्याने निर्माण केलेली माणसे त्याच्याच इशाऱ्यावर नाचतात, ही गोष्ट एकाही शब्दाशिवाय त्या चित्राने सांगितली.

सगळ्याच गोष्टींत हर्शफेल्ड यांना यश मिळाले, असे मात्र नाही. १९४६ साली त्यांनी एस. जे. पेरलमन या विनोदी लेखक मित्राबरोबर एक संगीत नाटक लिहिले. ज्यांनी इतरांची शेकडो नाटके पाहिली, त्यांचे स्वतःचे नाटक ब्रॉडवेपर्यंत पोहोचलेच नाही. बाहेरगावच्या प्रयोगांतच ते बंद पडले. ते निराश होऊन बसले नाहीत. दोघे मित्र एका मासिकाच्या वतीने जगाच्या सफरीवर निघाले. पेरलमन यांनी त्या प्रवासाचे विनोदी वर्णन लिहिले आणि हर्शफेल्ड यांनी चित्रे काढली. त्यांचे ते पुस्तक लोकांना खूप आवडले.

१९४३ साली हर्शफेल्ड यांनी डॉली हास या अभिनेत्रीशी विवाह केला. १९४५ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव नीना. मुलीच्या जन्माच्या आनंदात त्यांनी सर्कशीवरील एका नाटकाच्या चित्रात भिंतीवरच्या जाहिरातीत तिचे नाव लिहिले. पुढच्या चित्रांतही ते हळूच नीना हे नाव लपवू लागले. कधी बाहीच्या सुरकुत्यांत, कधी केसांच्या बटांत, कधी पडद्याच्या चुण्यांत! काही आठवड्यांनी आता ही गंमत पुरे झाली, असे त्यांना वाटले आणि त्यांनी ती बंद केली. पण तोपर्यंत वाचकांना ते नाव शोधण्याचा छंद लागला होता. नाव कुठे गेले, असे विचारणारी पत्रे येऊ लागली. मग हर्शफेल्ड यांना ही गंमत आयुष्यभर चालू ठेवावी लागली. चित्रात हे नाव किती ठिकाणी आहे, तो आकडा १९६० सालापासून ते आपल्या सहीजवळ लिहू लागले. रविवारी सकाळी वृत्तपत्र आले, की घरोघरी लहानथोर मंडळी नीनाचा शोध घेत. १९६६ साली त्यांनी खुद्द नीनाचे चित्र काढले. त्यात नीना हे नाव कुठेच नव्हते. तिच्या आईवडिलांची नावे मात्र लपवलेली होती!

१९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने विनोदी कलावंतांची तिकिटे काढली. ती चित्रे हर्शफेल्ड यांच्याकडून काढून घेतली. टपाल तिकिटात छुपी अक्षरे घालू द्यायची नाहीत, असा त्या खात्याचा नियम होता. हर्शफेल्ड यांच्यासाठी तो नियम बाजूला ठेवण्यात आला.

रंगभूमीवरचा मोठा मानाचा टोनी पुरस्कार त्यांना १९७५ साली आणि पुन्हा १९८४ साली मिळाला. ते नट नव्हते, दिग्दर्शकही नव्हते. तरी रंगभूमीने त्यांना आपल्यातलेच मानले. वय वाढत गेले, पण त्यांचा नेम चुकला नाही. नव्वदी ओलांडली, तरी ते रोज त्या खुर्चीत बसून काम करत. त्यांनी आयुष्यात दहा हजारांहून अधिक चित्रे काढली. २० जानेवारी २००३ रोजी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वयाची शंभर वर्षे पूर्ण व्हायला अवघे पाच महिने उरले होते.

ब्रॉडवेवर मार्टिन बेक नावाचे एक जुने नाट्यगृह होते. २१ जून २००३ या दिवशी, म्हणजे हर्शफेल्ड यांच्या शंभराव्या जन्मदिनी, त्या नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. जे आयुष्यभर प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले, त्यांचे नाव नाट्यगृहाच्या दारावर झळकले.

त्यांनी रेखाटलेले बहुतेक नट आज हयात नाहीत. ते प्रयोग संपून कितीतरी वर्षे झाली. तरी त्यांच्या चित्रांतले हात अजून हवेत उंचावलेले आहेत, पावले नाचत आहेत, डोळे हसत आहेत. हे सारे टिकले, कारण एका माणसाने अंधारात बसून दुसऱ्यांचे गुण लक्ष देऊन पाहिले. माणसाला हसण्याचा विषय करणे कोणालाही जमते. त्याच्यातले वेगळेपण शोधून ते इतरांना आनंदाने दाखवणे, हे खरे कसब आहे.

शब्दार्थ

किमयागार : जादू वाटावी असे काम करणारा
रंगभूमी : नाटकाचे क्षेत्र
तालीम : नाटकाचा सराव (उर्दूत या शब्दाचा अर्थ शिक्षण असा होतो.)
कसब : कौशल्य (उर्दूत या शब्दाचा अर्थ कमाई असा होतो.)
शुभारंभाचा प्रयोग : नाटकाचा पहिला प्रयोग
फंदात पडणे : नको त्या गोष्टीत गुंतणे
जिवावर येणे : करण्याचा कंटाळा येणे
थोटूक : वापरून उरलेला लहान तुकडा
टाक : शाईत बुडवून लिहिण्याची लेखणी
कळसूत्री बाहुली : दोऱ्यांनी नाचवली जाणारी बाहुली

स्वाध्याय

१. अर्कचित्र म्हणजे काय, ते लेखकाने कोणत्या उदाहरणाने समजावून दिले आहे?
२. कंपनी बुडाल्यावर हर्शफेल्ड यांनी काय केले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
३. बाली बेटावर राहिल्यानंतर हर्शफेल्ड यांच्या चित्रांत कोणता बदल झाला? का?
४. अंधाऱ्या नाट्यगृहात हर्शफेल्ड चित्रांची टिपणे कशी घेत, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. 'हसवणे' आणि 'हसे करणे' यांतील फरक पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : टक लावून पाहणे, जिवावर येणे, मान खाली घालणे, फंदात पडणे.